हुकूम कोणाकडे?

पोकर पहिल्यांदा शिकवायला बसलात की मराठी माणूस पाच-दहा मिनिटांत एक प्रश्न विचारतोच, "बरं, यात हुकूम कुठला?" समोरचा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा असेल तर पाच मिनिटंही लागत नाहीत. मेंढीकोट, तीनशेचार, लाडीस यांवर वाढलेल्या डोक्याला हुकूम नसलेला पत्त्यांचा खेळ म्हणजे मीठ नसलेली आमटी. हुकूम नाही, भिडू नाही, हात करायचे नाहीत, उतारी नाही. मग खेळायचं काय?

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. 'हुकूम' शब्द धरून मागे मागे गेलं तर आपल्या कोकणातल्या पत्त्यांचा बराचसा इतिहास हाती लागतो, आणि पोकरला नेमकं कुठलं कौशल्य लागतं तेही त्यातून कळतं. म्हणून या वीकांताला हाच विषय. (मॅनेजर मंडळींनी वाचू नये असं यात काही नाही. सगळे आकडे फुकट तपासता येतील असे आहेत.)

सुरुवात सावंतवाडीपासून. आजच्या नकाशात सावंतवाडी सिंधुदुर्गात आहे, पण १ मे १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाच नव्हता. १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात आली आणि तेहेतीस वर्षं तिथेच होती. तेव्हा जुन्या रत्नागिरीकरांनी गंजिफ्यावर हक्क सांगितला तर वाडीकरांनी रागावू नये.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हे हिंदुस्थानात आले इराणकडून. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफ्याची पानं पाठवली होती, त्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत अकबराच्या दरबारातल्या गंजिफ्याचं वर्णन केलंय. मुघल गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पानं. दक्षिणेत आणि कोकणात आल्यावर आपल्या लोकांनी त्याचं जे केलं ते खास आपलं. आठाचे दहा रंग केले आणि दहा रंगांना दहा अवतार दिले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक अवताराची बारा पानं, म्हणजे एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२०. राणी नाही, गुलाम नाही. हाच दशावतारी गंजिफा.

पानं करायची पद्धतही बघण्यासारखी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, घासून घासून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि शेवटी लाखेचा हात फिरवायचा. वाडीतले चितारी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत. श्रीमंतांसाठी 'दरबार' प्रतीची पानं, सोनेरी रंगाची, बारीक कामाची. इतरांसाठी 'बाजार' प्रतीची, साधी, चार फटकाऱ्यांत मासा काढून मोकळी होणारी. मला व्यक्तिशः बाजारवाली आवडतात. ती खेळायला केलेली वाटतात, दरबारवाली बघायला.

पण चित्रांबद्दल भरपूर लिहून झालंय. कॉफी टेबल पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत. खेळाबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

तिघांनी बसायचं. प्रत्येकाला ४० पानं. हो, चाळीस! ती हातात धरायची कशी हाच पहिला कौशल्याचा भाग असावा. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. राजाबरोबर त्याच रंगाचं एक हलकं पान जोडीने उतरायचं. बाकीच्यांनी दोन-दोन पानं टाकायची. त्यांनी तोच रंग टाकला पाहिजे असं बंधन नाही, नको असलेली कुठलीही पानं टाकता येतात. सहाच्या सहा पानं उतारीवाल्याची.

आता दहापैकी निम्म्या रंगांत राजा आणि प्रधानानंतर दहा मोठा आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत बरोबर उलटं. राजा, प्रधान, मग एक्का, दुर्री, तिर्री... आणि दश्शी सगळ्यात खाली. म्हणजे हातातल्या पंजीची किंमत काय हे विचारायच्या आधी ती कुठल्या अवताराची हे बघायचं.

हुकूम कुठे आला? गंजिफ्यात हुकमाचा ठरलेला असा रंगच नाही. आपण आज ज्याला हुकूम म्हणतो तसा इस्पिक-बदाम वगैरे काही नाही. गंजिफ्यातला हुकूम म्हणजे त्या क्षणी त्या रंगात शिल्लक असलेलं सगळ्यात मोठं पान. वराहाचा राजा पडून गेला की वराहाचा प्रधान हुकूम. प्रधानही गेला की त्याखालचं पान हुकूम. तुमच्या हातातली एक फालतू सत्ती तासाभराने हुकूम झालेली असते. ती झालीय हे तुम्हाला कळलं तर. नाही कळलं तर ती तुमच्या हातात फालतू सत्ती म्हणूनच मरते.

म्हणजे हा खेळ सबंध स्मरणशक्तीचा आहे. दहा रंग, प्रत्येकात वेगळ्या टप्प्यावर पोचलेला हुकूम, पाच सुलट आणि पाच उलट, हे सगळं डोक्यात चालू ठेवायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर दहा पॉइंटर आणि १२० बिटांचा तक्ता, आणि प्रत्येक उतारीला तो अद्ययावत करायचा. लिहून ठेवायची सोय नाही. दिवसा राम, रात्री कृष्ण, आणि दोन्ही वेळेला रॅम कमी :)

नशीब यात आहेच. १२० पानं तिघांत चाळीस-चाळीस वाटायचे प्रकार किती, तर ती संख्या छप्पन्न आकडी येते. पण एकदा पानं वाटून झाली की पुढे नवं काही येत नाही. ना गड्डीतून ओढायचं पान, ना मध्ये उघडणारं. डाव जसा पुढे सरकतो तसं अज्ञात कमी होत जातं आणि ज्याने लक्ष ठेवलंय त्याला उत्तरार्धात दोघांच्या हातात काय उरलंय हे जवळपास दिसायला लागतं. हुकूम कोणाकडे, या प्रश्नाचं उत्तर गंजिफ्यात मोजून काढता येतं. मोजायची ताकद मात्र हवी.

(याच पानांवर जुगारही चालायचा, हे सांगायला हवं, नाहीतर मी गंजिफा फार सोवळा करतोय असं वाटेल. 'नक्श' नावाच्या खेळात राजाचे बारा, प्रधानाचे अकरा आणि बाकीच्यांचे आकड्याइतके गुण धरून बेरीज सतराला न्यायची असते. बंगालमध्ये विष्णुपूरकडे हा खेळ सणासुदीला चाले. कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकचा चुलत भाऊच म्हणा ना.)

पुढे काय झालं ते उघड आहे. छापील ५२ पानांचा कॅट आला. स्वस्त, चौकोनी, खिशात मावणारा. हातांनी रंगवलेली १२० गोल पानं त्यापुढे टिकणार कशी? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाडीत गंजिफा करणारे हात मोजकेच उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही कला वृद्ध चिताऱ्यांकडून समजून घेतली, नवीन मुलांना शिकवली आणि राजवाड्यात काम सुरू केलं. ते मोठंच काम. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण वाचली ती पानं. खेळ वाचला असं मला म्हणवत नाही. आज गंजिफ्याचा डबा विकत घेणाऱ्या शंभरातल्या किती जणांनी तो कधी पिसलाय? तो भिंतीवर फ्रेम होऊन जातो, लग्नात आहेर म्हणून जातो, पाहुण्यांना दाखवायला टीपॉयवर बसतो. रंग, लाख, खळ यांची कृती लिहून ठेवता येते. दहा रंगांचे हुकूम एकाच वेळी डोक्यात खेळवणारी माणसं लिहून ठेवता येत नाहीत.

असो. ५२ पानांच्या कॅटकडे येऊ.

कॅट आला तरी आपल्या लोकांनी हुकूम सोडला नाही. तो बदलला फक्त. फिरता हुकूम गेला आणि ठरवलेला हुकूम आला, एक रंग जो बाकी तिघांना मारतो. 'हुकमी', 'हुकमाचा एक्का' हे आपले नेहमीच्या बोलण्यातले शब्द या पत्त्यांच्या अड्ड्यावरूनच बाहेर पडले असणार. मेंढीकोटात तर 'बंद हुकूम' नावाचा प्रकार आहे. एकाने आपल्या हातातलं एक पान पालथं काढून ठेवायचं, त्याचा रंग हुकूम, पण तो कुठला हे त्यालाच ठाऊक. दुसऱ्या कोणाकडे उतरलेला रंग नसेल आणि त्याने मागितलं की मग हुकूम उघडायचा. गणपतीत रात्रभर जागरण करताना चाकरमान्यांच्या घोळक्यात "हुकूम खोल!" अशी आरोळी ज्याने ऐकली नाही त्याचं कोकणातलं बालपण फुकट गेलं असं माझं स्पष्ट मत आहे.

तीनशेचार हा या घराण्यातला सगळ्यात देखणा खेळ. चौघं, दोन-दोन भिडू, सत्तीपासून एक्क्यापर्यंत ३२ पानं. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३, राणीचे २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. गुलाम राजाच्या वर! आधी चारच पानं वाटायची, त्या चार पानांवर बोली लावायची, मग उरलेली चार. म्हणजे अर्धीच माहिती हातात असताना किंमत ठरवायची आणि शब्द पाळायचा. भिडूच्या हातात काय आहे ते त्याच्या बोलीवरून ताडायचं. इथे नुसती स्मरणशक्ती पुरत नाही. अंदाज लागतो आणि अंदाजावर काहीतरी पणाला लावायची तयारी लागते.

गुलाम आणि नव्वी वरचढ असणं हे जास वर्गातल्या खेळांचं लक्षण, आणि डच लोकांचा क्लावरयास हा त्याच घराण्यातला. पत्त्यांच्या काही अभ्यासकांना वाटतं की आपल्याकडचे गुलाम-नव्वीचे खेळ डच व्यापाऱ्यांबरोबर आले. तीनशेचार श्रीलंकेतही खेळतात, आणि तिथेही डच होतेच. आता बघा, सावंतवाडीपासून हाकेच्या अंतरावर वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, १६३७ पासून. आणि आपण ज्याला 'किलवर' म्हणतो त्याला इंग्रज 'क्लब' म्हणतो पण डच माणूस 'क्लावर' म्हणतो. यावरून मी कुठलाही सिद्धान्त मांडत नाहीये. फक्त पुढच्या वेळी वेंगुर्ल्याला मासे खायला गेलात तर डच वखारीकडे एक चक्कर मारा आणि खिशात किलवरचा गुलाम ठेवा, एवढंच.

तर गंजिफ्यात हुकूम मोजून काढता येतो. तीनशेचारमध्ये तो झाकलेला असतो, पण असतो. आता पोकर.

पोकर वाढला अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींवर. सुरुवातीला तो २० पानांवर खेळत. त्याचं मूळ फ्रेंच 'पोक' या खेळात असावं असं आज बहुतेक जण मानतात. एके काळी इराणच्या 'आस-नास' या खेळाकडे बोट दाखवलं जाई, आणि गंमत म्हणजे इराणात एकोणिसाव्या शतकात आस-नासच्या पानांनाच 'गंजिफा' म्हणू लागले होते. म्हणजे ती कहाणी खरी ठरली असती तर पोकर आणि वाडीचा दशावतार एकाच आजीची नातवंडं झाली असती. पण ती खरी नाही बहुधा. जाऊ दे.

सध्या जगभर चालणारा प्रकार 'टेक्सस होल्डेम'. नियम दहा मिनिटांचे. प्रत्येकाला दोन पानं, फक्त त्याने बघायची. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं, आधी तीन एकदम उघडतात, मग एक, मग एक. तुमची दोन आणि मधली पाच अशा सातांतून पाच पानांचा सगळ्यात चांगला हात बनवायचा. पानं उघडण्याआधी आणि प्रत्येक उघडणीनंतर बोलीची एक फेरी, एकूण चार. पुढच्याने लावले तेवढे भरा, वाढवा किंवा पानं टाकून बाहेर व्हा. शेवटी एकच जण उरला तर मधली रक्कम त्याची, त्याची पानं काय होती हे कोणाला दाखवायची गरज नाही. दोघं-तिघं उरले तर पानं उघडून मोठा हात जिंकतो.

हातांची उतरंड पाठ करायची गरज नाही, दुर्मिळ ते मोठं एवढं लक्षात ठेवलं की झालं. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० संच निघतात. त्यात रॉयल फ्लश फक्त चार. एकाच रंगाची पाच पानं, म्हणजे फ्लश, ५,१०८. ओळीने पाच, म्हणजे स्ट्रेट, १०,२००. म्हणून फ्लश स्ट्रेटच्या वर. आणि पाच पानं वाटली तर निम्म्या वेळा हातात काहीच नसतं, ४२ टक्के वेळा एक जोडी असते. दोन्ही मिळून ९२ टक्के. सिनेमात दिसणारे चार एक्के विसरा, बहुतेक वेळ हा खेळ 'माझ्याकडे काही नाही, तुझ्याकडे तरी आहे का?' असाच चालतो.

(तीन पत्तीत हा 'दुर्मिळ ते मोठं' नियम चुकलाय, हे कोणी सांगितलं का तुम्हाला? तीन पानांच्या २२,१०० संचांत तीन सारख्या पानांचे, म्हणजे ट्रेलचे, ५२ संच आणि प्युअर सीक्वेन्सचे ४८. तरी ट्रेल मोठा! पुढच्या दिवाळीत हा मुद्दा काढून बघा, काका लोक ऐकणार नाहीत.)

आता कौशल्य. पहिलं आणि सगळ्यात नीरस म्हणजे हिशेब. समजा मधली चार पानं उघडलीत, एक यायचंय. तुमच्याकडे आणि टेबलावर मिळून चार बदाम आहेत, पाचवा आला तर फ्लश. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. शक्यता ९ भागिले ४६, म्हणजे १९.६ टक्के, पाचात एकदा. मध्ये १०० आहेत आणि समोरच्याने १०० लावले. तुम्ही १०० भरून २०० जिंकायला बघताय, म्हणजे तीनदा खेळून एकदा तरी जिंकायला हवं. पाचात एकदा जिंकणाऱ्याने इथे पानं टाकावीत. पण मध्ये ३०० असते आणि त्याने १०० लावले असते तर १०० भरून ४०० मिळवायचे होते. पाचात एकदा जिंकलं की बरोबरी. तीच पानं, तीच शक्यता, निर्णय वेगळा. 'माझी पानं चांगली आहेत का?' हा पोकरमधला प्रश्नच नाही. 'या किमतीला चांगली आहेत का?' हा आहे. भाजीबाजारात घासाघीस करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे आपल्यापेक्षा लवकर कळेल.

दुसरं कौशल्य पानं टाकण्याचं. चांगला खेळाडू आपल्याला आलेले बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडून देतो. दोन पानांचे १,३२६ संच असतात, त्यात एक्क्यांची जोडी सहा वेळा, म्हणजे २२१ डावांत एकदा. बाकी वेळ शांत बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. हे फार अवघड आहे, कारण आपण खेळायला आलेलो असतो, बसायला नाही.

तिसरं, जागा. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. तीच दोन पानं पहिल्या जागेवर टाकण्यासारखी आणि शेवटच्या जागेवर खेळण्यासारखी असू शकतात.

आणि चौथं, ज्यासाठी पोकर बदनाम आहे ते. थाप मारणं. इथे हुकमाची गोष्ट येते. पोकरमध्ये हुकूम नाही हे खरं, पण 'हुकूम माझ्याकडे आहे' असं वागायची मुभा आहे! गंजिफ्यात सत्ती हुकूम आहे की नाही हे पानं ठरवतात. पोकरमध्ये बाकीच्यांनी मान्य केलं तर सत्ती हुकूम. सगळे पानं टाकून उठले की डाव तुमचा.

हे नुसतं सोंग नाही, गणित आहे. जॉन फॉन नॉयमनने १९२८ साली खेळांच्या गणितावर पायाभूत लेख लिहिला, आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर सविस्तर प्रकरण आहे. त्यातला निष्कर्ष साधा. जो कधीच थाप मारत नाही त्याने पैसे लावले की सगळे पळतात, त्याच्या चांगल्या पानांना गिऱ्हाईक मिळत नाही. जो नेहमी मारतो त्याला सगळे पकडतात. मधलं प्रमाण काढता येतं. शेवटच्या फेरीत मध्ये जेवढे आहेत तेवढेच लावत असाल तर तीनातली एक थाप आणि दोन खऱ्या, म्हणजे समोरच्याला भरलं काय आणि टाकलं काय, सारखंच. थाप मारताना चेहरा दगडासारखा ठेवणं हे त्या मानाने दुय्यम. संगणकाला चेहरा नसतो, तरी कार्नेगी मेलनमध्ये बनलेल्या लिब्रेटस प्रोग्रॅमने २०१७ साली चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवलं. बुद्धिबळात डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवल्यानंतर वीस वर्षांनी. बुद्धिबळात सगळं समोर दिसतं, पोकरमध्ये दिसत नाही, म्हणून वीस वर्षं जास्त लागली.

आता १,२०,००० हा आकडा परत वाचा. चार उत्तम खेळाडूंपेक्षा प्रोग्रॅम सरस आहे हे खात्रीने म्हणायला एवढे डाव लागले. पाच-पन्नास डावांत पोकर जवळजवळ नशिबाचाच असतो. हजारो डावांत तो कौशल्याचा होतो. गंजिफ्याचं कौशल्य एका रात्रीत दिसायचं, पोकरचं दिसायला वर्ष लागतं, आणि तोवर खिसा टिकवावा लागतो.

आपल्याकडच्या कायद्याची सगळी ओढाताण इथेच झाली. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याच्या तेराव्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. म्हणजे निव्वळ कौशल्य म्हणजे काय, यावर वकिलांची पोटं भरणार हे ओघानेच आलं. चमारबागवाला खटल्यांत १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि नशीब अशी रेघ ओढली. १९६७ साली रमीवर निकाल आला. रमीला सूट, कारण तीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, आणि पान ठेवायचं की टाकायचं हे ठरवायला डोकं लागतं. तीन पत्तीसारखे खेळ मात्र नशिबाचे.

पडलेली पानं लक्षात ठेवणं! न्यायमूर्तींसमोर गंजिफा कोणी ठेवला नव्हता, पण कौशल्याची जी कसोटी त्यांनी सांगितली ती वाडीच्या चाळीस-चाळीस पानांच्या डावाला रमीपेक्षा कितीतरी चपखल बसते. पोकर मात्र या कसोटीत नीट बसत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली क्लबांमध्ये खेळू दिला, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगार ठरवलं. गोव्याने आपला १९७६ चा कायदा १९९२ आणि १९९६ साली सुधारून कॅसिनोंना दार उघडलं. महाराष्ट्राने त्याच १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं पालथा ठेवलेला हुकूम म्हणायचा हा.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता हा वादच निकालात काढला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. माझ्या वयाच्या बऱ्याच मंडळींना हा अन्याय वाटला. "अरे, हे स्किल आहे" असं तावातावाने सांगणारे हापिसात भरपूर भेटले. स्किल आहेच, वर दोन हजार शब्द मी तेच सांगतोय. पण ॲपवर प्रत्येक डावातून चालकाचा वाटा कापला जातो. समान कौशल्याचे सहा जण रात्रभर खेळले तर सकाळी सहाही जणांचे मिळून पैसे कमी झालेले असतात. जिंकायला नुसतं सरस असून चालत नाही, तो वाटा भरून निघेल इतकं सरस असावं लागतं. 'कौशल्याचा खेळ' अशा जाहिराती करणाऱ्यांनी या वाट्याचं गणित कधी जाहिरातीत घातल्याचं आठवत नाही. आणि कर्ज काढून खेळणाऱ्याला हजारो डावांनंतरचं सरासरीचं सत्य काय कामाचं? हप्ता महिन्याला असतो.

म्हणून माझी शिफारस पैसे न लावता खेळायची आहे, आणि पोकरबरोबर गंजिफाही खेळायची. वाडीचा डबा महाग पडतो आणि त्यातली पानं पिसायला जीव धजत नाही. त्यावर उपाय आहे. साध्या ५२ पानांच्या कॅटमधून चार गुलाम बाजूला काढा. (तीनशेचारवाल्यांनी मन घट्ट करावं.) उरली ४८. राजा तो राजा, राणी झाली प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. म्हणजे प्रत्येक रंगाची बरोबर बारा, अस्सल गंजिफ्यासारखी. तिघांना सोळा-सोळा वाटा. इस्पिक आणि किलवरमध्ये प्रधानानंतर दश्शी मोठी. बदाम आणि चौकटमध्ये प्रधानानंतर एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात खाली. दहाऐवजी चारच रंग आहेत, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून जमायला हरकत नाही. दुपार असेल तर बदामचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतरायचं, दिवे लागल्यानंतर बसलात तर इस्पिकचा.